कृपया डिस्क घाला

कोणी विचारलेलं नसताना हिंमतराव म्हणाले, "मी करतो." पुढचं सगळं त्या दोन शब्दांमुळे झालं.

बुधवारची दुपार होती. येरवड्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये वेणूबाईंचं महिला मंडळ जमलं होतं. मंडळ म्हणजे एकूण सहा बायका, पण गलका अठरा जणींचा. (येरवड्याला राहतो असं सांगितलं की हिंमतरावांच्या वाशीमकडच्या नातेवाइकांचे चेहरे अजून उतरतात. एका मावसभावाने तर "किती वर्षांची झाली?" असं फार हळुवारपणे विचारलं होतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून हार घालून निवृत्त झालेल्या माणसाला हेही ऐकावं लागतं. असो.)

मंडळाची चिटणीस शकू एक पत्रक वाचून दाखवत होती. शकू कळसच्या जुन्या शेतकरी घरातली. तिच्या वावरात आता बारा मजली इमारत उभी आहे, पण आवाज अजून वावराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारण्याचाच आहे. शनिवार पेठेतल्या एका न्यासाने जात्यावरच्या ओव्यांची स्पर्धा ठेवली होती. निवडलेल्या ओव्यांचं पुस्तक निघणार होतं आणि प्रत्येक ओवीखाली म्हणणारीचं नाव छापणार होते.

वेणूबाईंना स्पर्धेचं काही नव्हतं, बक्षिसाचं तर मुळीच नाही. पण नाव छापण्याचं वाचलं तेव्हा त्यांनी तेवढीच ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली होती. आई आणि आजीकडून आलेल्या दोन-अडीचशे ओव्या त्यांच्या डोक्यात होत्या. त्यांचं स्वतःचं नाव आजवर एकदाच छापून आलं होतं, लग्नपत्रिकेत. तेही चुकून 'रेणू' असं.

ओव्या रविवारीच झाल्या होत्या. गावाकडून आणलेलं छोटं जातं स्वयंपाकघरात मांडून, डाळ भरडत भरडत वेणूबाईंनी म्हटल्या, बाकीच्यांनी साथ दिली आणि शकूने मोबाईलवर त्या टिपल्या. आता फक्त पाठवायच्या होत्या.

"प्रवेशिका फक्त सीडीवर द्यावी," शकूने वाचलं. "पेनड्राइव्ह, मोबाईल, ई-मेल आणि विनंत्या स्वीकारल्या जाणार नाहीत. मुदत शनिवार, सायंकाळी पाच. पाच म्हणजे पाच." तिने चष्मा काढला. "शिडी? आता शिडी कुटं मिळायची बाई? आमच्याकडच्या सगळ्या पेरूच्या झाडाला बांधल्यात, पाखरं हाकलायला."

याच क्षणी आतल्या खोलीतून हिंमतराव बाहेर आले आणि म्हणाले, "मी करतो."

सहा बायकांनी त्यांच्याकडे पाहिलं. सहा बायका एकदम आपल्याकडे कौतुकाने पाहताहेत, असं हिंमतरावांच्या आयुष्यात आधी झालेलं नव्हतं. त्यामुळे ते जरा जास्तच बोलले. "घरात लॅपटॉप आहे. सीडीचा कप्पा आहे त्याला. हल्लीच्या लॅपटॉपला तो देतच नाहीत." जुन्या कपाटाबद्दल लोक 'हल्ली असं सागवान मिळत नाही' म्हणतात ना, अगदी तसं.

लॅपटॉप चौदा वर्षांचा होता. मुलगा आनंद इंजिनीअरिंगला असताना घेतलेला. आनंद बंगळूरला गेला, लॅपटॉप वडिलांकडे राहिला. बॅटरी केव्हाच गेली होती. वायर काढली की तो बिचारा जागच्या जागी मान टाकायचा. पण वायर लावलेली असली की ठणठणीत. वेणूबाईंनी क्रोशाने विणलेला रुमाल त्याच्यावर असे आणि हिंमतराव रोज संध्याकाळी तो रुमाल काढून पत्त्यांचा एक डाव लावत. आपण संगणकावर काम करतो, असं ते त्याला म्हणत.

कोऱ्या सीड्या आळंदी रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळाल्या. दुकानदाराने स्टूल लावून माळ्यावरचं पुडकं काढलं, फुंकर मारली, स्वतःच शिंकला आणि म्हणाला, "पाचही घेऊन जा काका. पुन्हा कोण येणार आहे?" वरच्या मजल्यावरच्या तेजस्विनीने शकूच्या मोबाईलमधलं गाणं लॅपटॉपमध्ये घालून दिलं. ती हिंजवडीला आयटीत आहे, आणि सोसायटीत कोणाचाही टीव्ही, गीझर किंवा इस्त्री बिघडली तरी आधी तिलाच विचारतात. आता उरलं होतं एकच काम. कप्पा उघडायचा, सीडी ठेवायची, कप्पा लावायचा.

हिंमतरावांनी बटण दाबलं. कप्पा बाहेर आला. त्यांनी सीडी ठेवली, कप्पा आत ढकलला. आतून घर्र झालं, खट् झालं, पुन्हा घर्र झालं आणि पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली: कृपया डिस्क घाला.

"घातली आहे," हिंमतराव म्हणाले.

कृपया डिस्क घाला.

दुसरी घातली. तिसरी घातली. पाचही घालून झाल्या. यंत्राने दर वेळी तितक्याच नम्रपणे सांगितलं की डिस्क घालावी. हिंमतरावांना राग आला तो त्या 'कृपया'चा. उद्धट यंत्राशी भांडता येतं. पण समोरचा अतिशय सभ्यपणे तुम्हाला खोटं पाडत असेल, तर काय करणार?

गुरुवारी सकाळी बातमी जिन्याने सगळीकडे पोचली होती. पहिले आले खालचे भीमराव. भीमराव जुने बांधकाम कंत्राटदार. जगातला प्रत्येक दोष पाया नीट नसल्यामुळे होतो, असं त्यांचं मत आहे. त्यांनी पिशवीतून पाणसळ, म्हणजे ती बुडबुडा असलेली पट्टी काढली आणि लॅपटॉपवर ठेवली.

"हे बघा. बुडबुडा डावीकडे. तुमचं टेबल लेव्हलला नाही."

"टेबलाचा काय संबंध?"

"आत चकती फिरते ना? मग? तिरकी फिरली तर वाचणार कशी? तुम्ही तिरके होऊन पेपर वाचता का?"

"झोपून वाचतो."

"म्हणून तुम्हाला मान दुखते," भीमराव म्हणाले आणि त्यांनी टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. बुडबुडा मधोमध आला. टेबल पहिल्यांदाच सरळ झालं, पण यंत्राचं म्हणणं बदललं नाही.

मग शकू आली. "भावजी, तांदळात ठिवा."

"ते मोबाईल पाण्यात पडला तर ठेवतात, शकूबाई. हा भिजलेला नाही."

"आतून ओल धरली आसंल. चौदा वर्सं झाली, कमी हाय का? माझ्या दिराचा फोन मोरीत पडला हुता, तांदळात ठिवला, आता पयल्यापेक्षा मोठ्यानं वाजतो."

आणि ऐका, चाळीस वर्षं टूल रूममध्ये काढलेल्या, केसाच्या जाडीचा फरक बोटाने ओळखणाऱ्या हिंमतरावांनी तो लॅपटॉप तांदळात ठेवला. डब्यात मावेना, म्हणून वेणूबाईंनी मोठ्या परातीत आठवड्याचा तांदूळ ओतून दिला. दुपारभर लॅपटॉप त्या परातीत पूजेला मांडल्यासारखा बसून होता. संध्याकाळी बाहेर काढला. कृपया डिस्क घाला. रात्री त्याच तांदळाची खिचडी झाली. हिंमतराव प्रत्येक घास दाताखाली तपासून खात होते.

तेजस्विनी ऑफिसातून आली ती बॅगेसकट थेट त्यांच्याकडेच. तिने दहा मिनिटं कीबोर्डवर तबला वाजवला. "काका, ड्रायव्हर काढून परत टाकला. तरी नाही. ऑनेस्टली, हार्डवेअर गेलंय. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह ऑर्डर करते, सोमवारी येईल."

"मुदत शनिवारी आहे."

"मग ऑनलाइन टाकू ना, लिंक पाठवू त्यांना. सीडी कोण मागतं हो आता? विचारून तर बघा."

शुक्रवारी सकाळी हिंमतरावांनी न्यासाला फोन लावला. पलीकडे कचेरीचे व्यवस्थापक होते, बद्रीनाथ म्हणून.

"नमस्कार. ओव्यांच्या स्पर्धेबद्दल विचारायचं होतं."

"पत्रक मिळालं का आपल्याला?"

"मिळालं."

"वाचलंत?"

"वाचलं."

"मग विचारायचं काय राहिलं?"

"सीडीऐवजी पेनड्राइव्ह चालेल का?"

"म्हणजे वाचलं नाहीत. वाचा. छान मराठीत लिहिलंय," बद्रीनाथ म्हणाले आणि फोन ठेवला. हिंमतराव रिसीव्हर नसलेल्या मोबाईलकडे रिसीव्हर आपटायच्या इच्छेने बघत राहिले.

आता खरं तर शहाण्या माणसाने लॅपटॉप उचलून दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. पण हिंमतरावांच्या मनात दुरुस्तीवाला म्हणजे ज्याला स्वतःला काही येत नाही त्याने जायची जागा. कारखान्यात लोक त्यांच्याकडे यंत्रं घेऊन येत, ते कोणाकडे जात नसत. शिवाय कप्पा उघडताना आता बारीक कुरकुर येत होती. कुरकुरणाऱ्या यंत्राला काय हवं असतं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी वेणूबाईंच्या शिवणयंत्राच्या तेलाची बाटली आणली आणि कप्प्याच्या दोन्ही बाजूंना एकेक थेंब सोडला. मग कंजूषपणा नको म्हणून आणखी एकेक.

कुरकुर थांबली. इतकी थांबली की लॅपटॉप जरा कलला तरी कप्पा आपणहून जीभ काढल्यासारखा बाहेर यायचा. हिंमतराव खूश झाले. त्यांनी सीडी ठेवली, कप्पा आत ढकलला, तो आत गेला आणि बसला. पुन्हा बटण दाबलं, तर उघडेना. पहिल्यापेक्षा वाईट झालं होतं. आधी निदान तोंड तरी उघडत होतं.

"बारीक भोक असतं पुढे," आनंदने फोनवर सांगितलं. "त्यात टाचणी घाला, सरळ करून. आणि बाबा, आत काही घातलंय का तुम्ही? तेलबिल?"

"छे! तेल कशाला घालीन?" हिंमतराव म्हणाले आणि बोटं पंच्याला पुसली.

वेणूबाईंच्या केसातला आकडा सरळ करून त्यांनी भोकात घातला, दाबला आणि आकड्याचा अर्धा तुकडा आतच राहिला. तेव्हा मात्र वेणूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. राग आला की त्यांची भाषा परत वाशीमला जाते.

"काहून छळता जी त्याले? बुधवारपासून पाहून राहिली मी. मेला असन तर मरू द्या!"

"होईल दुरुस्त. उद्या सकाळपर्यंत..."

वेणूबाईंनी त्यांच्या तेलकट बोटांकडे पाहिलं आणि त्यांचा राग एकदम उतरला. "नाही छापलं नाव तरी चालते मले," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवून घ्या."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हिंमतरावांनी भाकरी मोडली आणि तशीच पानावर ठेवली. 'मी करतो' म्हणालो नसतो, तर शकूने कुठून तरी करून आणली असती की सीडी. नाव छापायला निघालेल्या बाईच्या वाटेत आपण लॅपटॉप घेऊन आडवे बसलो.

म्हणून शनिवारी दुपारी हिंमतराव साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत वायरीसकट लॅपटॉप घेऊन मनपाच्या स्टॉपवर उतरले आणि चालत शनिवार पेठेत शिरले. तेजस्विनीने पत्ता दिला होता. एका बोळात, बोहारणीच्या गाठोड्याएवढं दुकान. आत पन्नाशीचे साईनाथ कपाळाला दिवा बांधून बसलेले. वर पाटी: 'येथे फक्त दुरुस्ती होते. चर्चा होत नाही.' तिच्याखाली आणखी एक: 'घरी काय काय केलंत ते आधीच सांगावे.'

दुसरी पाटी हिंमतरावांनी वाचली नाही असं दाखवलं.

साईनाथांनी एक स्क्रू काढला आणि चिमट्याने ओढून सबंध कप्पाच बाहेर घेतला. आधी आकड्याचा तुकडा काढून काउंटरवर ठेवला. मग बोट फिरवून वास घेतला. "शिवणयंत्राचं तेल."

हिंमतराव बोळातल्या स्कूटरकडे बघू लागले.

"माझी आई रेडिओत घालायची," साईनाथ म्हणाले. मग त्यांनी कप्पा उघडला. मधोमध, जिथे सीडी बसते त्याच्या शेजारी, काचेचा एक बारीक डोळा असतो. त्या डोळ्यावर लाल ठिपका होता. "हे काय?"

"ते कंपनीचं आहे," हिंमतराव ठामपणे म्हणाले. ठिपका त्यांनी बुधवारीच पाहिला होता. लेझर लाल असतो हे त्यांनी वाचलेलं होतं.

साईनाथांनी ठिपक्याला बोट लावलं, बोट उजेडात धरलं आणि स्वतःच्या कपाळाला टेकवलं. मग कप्पा उलटा करून हलवला. काउंटरवर टकटक करत तांदळाचे चार दाणे पडले आणि पाठोपाठ झेंडूची सुकलेली पाकळी.

"तांदळात ठेवला होता का हो काका?"

"हो हो!" हिंमतरावांना धीर आला. "आमच्या शकूबाईंनी सांगितलं म्हणून. त्यातलेच असणार."

"तुमच्याकडे भात लाल तांदळाचा करतात?"

हिंमतरावांनी दाणे पाहिले. कुंकवाने माखलेले होते. अक्षता. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर बारा दिवसांपूर्वीची खंडेनवमी उभी राहिली.

टूल रूममध्ये तीस वर्षं यंत्रांची पूजा त्यांच्याच हातून व्हायची आणि त्यांचा एक नेम होता. कुंकू यंत्राच्या पत्र्याला लावायचं नाही, काम करणाऱ्या भागाला लावायचं. लेथ असेल तर जबड्याला, ड्रिल असेल तर टोकाला. पत्र्याला लावलेलं कुंकू म्हणजे नुसता देखावा. निवृत्तीनंतर पूजेला यंत्रं उरली तीन: मिक्सर, शिवणयंत्र आणि लॅपटॉप. वेणूबाई बिचाऱ्या लॅपटॉपच्या झाकणाला बोट लावून मोकळ्या होत होत्या. हिंमतरावांनीच त्यांचा हात धरला, बटण दाबून कप्पा बाहेर काढला आणि सांगितलं, "इथे. डोळ्याला लाव." फूलही तिथेच वाहिलं. अक्षताही. मग नमस्कार करून कप्पा लावून टाकला.

तीन दिवसांत त्यांनी सीडीला, स्टेशनरीवाल्याला, विजेला, आनंदला आणि एकदा तर बंगळूरच्या हवेलाही दोष दिला होता. त्या सर्वांची त्यांनी उभ्या उभ्या मनातल्या मनात माफी मागितली. बंगळूरच्या हवेची सोडून.

"खंडेनवमी," ते एवढंच म्हणाले.

साईनाथांनी मान डोलवली. "दर वर्षी दसऱ्यानंतर चार-पाच येतात. एकाने प्रिंटरमध्ये सोनं ठेवलं होतं. आपट्याची पानं. छापून येत होती." त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, डोळा पुसला, तेल टिपलं. "माझ्या मशीनवर सीडी करून देऊ? दोन मिनिटांचं काम."

"नाही. याच्यावरच व्हायला हवी."

"का?"

"मी तसं सांगून बसलोय."

साईनाथांनी एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि वरच्या पाटीला जागून चर्चा केली नाही. कप्पा बसवला, वायर लावली. हिंमतरावांनी सीडी ठेवली. घर्र झालं. खट् झालं नाही. पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली आणि हिंमतराव काउंटरला धरून तिच्याबरोबर श्वास घेत राहिले.

पाचला पाच मिनिटं असताना ते न्यासाच्या कचेरीत पोचले. पहिला मजला, अरुंद जिना. बद्रीनाथ फोनवर वाटले होते त्याहून बारीक निघाले. त्यांनी घड्याळ पाहिलं, सीडी पाहिली, वहीत हिंमतरावांची सही घेतली, पाकिटावर फक्त एक्केचाळीस आकडा घातला. "नाव परीक्षकांना कळता कामा नये. नियम आहे." काम झालं होतं. हिंमतराव निघणार, तेवढ्यात त्यांना दिसलं की बद्रीनाथ काहीतरी शोधताहेत.

सीडी हातात धरून ते टेबलावरच्या नव्याकोऱ्या संगणकाच्या भोवती फिरत होते. डावीकडून पाहिलं. उजवीकडून पाहिलं. वाकून मागून पाहिलं. संगणक कालच आला होता आणि जुना कालच भंगारात गेला होता. आतल्या खोलीत दोन परीक्षक येऊन बसलेले. रविवारी त्यांना परगावी जायचं होतं, म्हणून आजच सगळ्या एक्केचाळीस सीड्या ऐकायच्या होत्या.

"कप्पा कुठे असतो याला?" बद्रीनाथांनी अखेर विचारलं.

"हल्लीच्या संगणकाला तो देत नाहीत," हिंमतराव म्हणाले. मग पिशवी टेबलावर ठेवली. ती उघडायची मात्र त्यांनी अजिबात घाई केली नाही.

पुढचे दोन तास हिंमतरावांच्या आयुष्यातले फार चांगले तास होते. आतल्या खोलीत, परीक्षकांच्या शेजारी, त्यांना खुर्ची मिळाली. हाताचीसुद्धा. परीक्षक म्हणजे एक निवृत्त प्राध्यापिका दीपमालाताई आणि दुसरे हिंदुराव, गावोगाव हिंडून लोकगीतं गोळा करणारे गृहस्थ, जे डोळे मिटून ऐकत आणि झोपले की काय अशी शंका आली की नेमके बोलत. "पुढची लावा साहेब," दीपमालाताई म्हणायच्या. साहेब! तेल घातलेला कप्पा लोण्यातून सुरी सरकावी तसा सरकत होता. चाळीस सीड्यांमध्ये एकदाही 'कृपया' म्हणावं लागलं नाही. बद्रीनाथांनी मधे एकदा त्यांना पाण्याचा पेला आणून दिला, तोसुद्धा बशीवर ठेवून.

सव्वासात वाजता एक्केचाळिसावी लागली.

जात्याची घरघर सुरू झाली आणि वेणूबाईंचा आवाज आला. हिंमतराव दचकले. त्रेचाळीस वर्षं हा आवाज भिंतीपलीकडून ऐकला होता, पंख्याचा ऐकतो तसा. समोर बसून आज पहिल्यांदा. ओवीमागून ओवी येत होती, माहेरची, भावाची, पेरणीची. हिंदुरावांचे डोळे उघडले. दीपमालाताईंनी पेन खाली ठेवलं. हिंमतरावांची छाती खुर्चीत मावेना.

आणि तेवढ्यात लॅपटॉपमधून एक पुरुष खेकसला: "अगं, चहा टाकला का? दोनदा विचारलं मी! तोंडाला कोरड पडली इथे!"

जातं थांबलं नाही. वेणूबाईंचा सूरही मोडला नाही. त्याच चालीत त्या म्हणाल्या:

हाक मारते चहाले, बाई, बाहेर माहा धनी
गॅस पेटवता येते, भांड्यात हाय पानी

मागे बाकीच्या पाच बायका खिदळल्या आणि जातं आणखी जोरात फिरू लागलं.

"थांबवा," दीपमालाताई म्हणाल्या. "अरेरे. इतकं सुंदर चाललं होतं. मागे टीव्ही चालू आहे."

बद्रीनाथांनी लगेच पत्रक काढलं. "नियम अकरा. ध्वनिमुद्रणात टीव्ही, रेडिओ वा तयार संगीत आढळल्यास प्रवेशिका बाद."

"पण बाईंनी त्याला ओवीत उत्तर दिलंय," हिंदुराव म्हणाले.

"टीव्हीला देतात हो उत्तरं," दीपमालाताई म्हणाल्या. "माझी आई बातम्यांना देते. आणि खरा नवरा असा बोलतो का? किती ते नाटकी. मालिकेतलाच आहे."

"संशय असल्यास बाद, असंही आहे," बद्रीनाथ म्हणाले. त्यांनी हिंमतरावांकडे पाहिलं नाही. सही त्यांच्याच वहीत होती, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

हिंमतराव खुर्चीत बसून होते. हाताच्या. गप्प बसलं तर साहेब राहता येत होतं. घरी जाऊन सांगता आलं असतं की सीडी वेळेत पोचली, पुढचं परीक्षकांच्या हातात. खोटंही ठरलं नसतं.

ते उभे राहिले. "तो टीव्ही नाही," ते म्हणाले. "मी आहे."

दीपमालाताईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. बशीवरून पाणी पिणारा हा सभ्य गृहस्थ, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"कशावरून?" बद्रीनाथांनी विचारलं.

"म्हणून दाखवतो."

"दाखवा."

हिंमतरावांनी घसा साफ केला. सदरा खाली ओढला. खुर्चीत परत बसले, कारण घरी ते बसूनच ओरडतात. मग डोळे मिटून, छातीत भरून हवा घेतली आणि न्यासाच्या भिंतीवरच्या तसबिरी हलतील अशा आवाजात गरजले, "अगं, चहा टाकला का? दोनदा विचारलं मी! तोंडाला कोरड पडली इथे!"

खालच्या मजल्यावरून न्यासाच्या म्हाताऱ्या शिपायाचा आवाज आला, "आणतोय की! ओरडता कशाला?"

आधी हिंदुराव हसले. मग दीपमालाताई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "तोच," त्या म्हणाल्या. "शंकाच नाही. बद्रीनाथ, टोपण लावा त्या पेनाला."

"मागे घरचा माणूस असल्यास काय, ते पत्रकात नाही," बद्रीनाथ नाराजीने म्हणाले आणि त्यांनी टोपण लावलं.

"चाळीस सीड्या ऐकल्या," हिंदुराव म्हणाले. "सगळ्या जणी ओव्या आठवून म्हणत होत्या. ही बाई ओवी करते आहे. समोर जे येईल त्याची. साहेब, ते गॅसचं परत लावा. लिहून घेतो. पहिल्या पानावर घालायची आहे."

हिंमतरावांनी परत लावलं. मग हिंदुरावांचा एक शब्द चुकला म्हणून आणखी एकदा. मग कोणी सांगितलेलं नसताना, आवाज थोडा वाढवून, आणखी एकदा.

खाली उतरल्यावर त्यांनी घरी फोन लावला.

"अहो, कुठे आहात? पाचला द्यायची होती ना सीडी? आठ वाजत आले!"

"दिली. त्यांनी माझ्यासमोरच ऐकली."

वेणूबाईंनी हळूच विचारलं, "आवाज नीट आला का सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा," हिंमतराव म्हणाले. "शेवटच्या माणसापर्यंत."